देवाची ऑर्डर

निंदा करायची नाही, हा माझा रोजचा नेम आहे. पहाटे अंघोळ, इष्टलिंगाची पूजा, त्यानंतरच पाण्याचा घोट, आणि मग दिवसभर कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. पहिलं सगळं मला कधी जड गेलं नाही. शेवटचं मात्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत नोकरीला लागल्यापासून फार जड जातं. म्हणून रेवणप्पांबद्दल मी इथं माझं मत काही लिहीत नाही. घडलं तेवढंच लिहिते.

रेवणप्पा आमचे मालक. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची रांग संपते तिथं, मागच्या अंगाला आमची शेड आहे. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. एकीनं कॉलर लावायची, दुसरीनं खिसा, तिसरीनं बाह्या, मग काज, मग बटणं, असा शर्ट एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर सरकत जातो. या सरकण्याला लाइन म्हणतात, आणि तिच्यावर देखरेख करायचं काम माझं. बायका मला शिवम्माअक्का म्हणतात.

रेवणप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असतात. कपाळ संपलं तरी पट्टे संपत नाहीत. त्यांच्या कॅबिनच्या एका भिंतीवर सगळे देव आहेत, आणि देवांना उकडू नये म्हणून कॅबिनला एसी आहे. बायका बसतात त्या बाजूला पत्र्याखाली तीन पंखे आहेत. त्यातला एक फिरतो.

आणि त्यांचा सव्वा. ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं.

धंद्याच्या सुरुवातीला कधीतरी एका शाळेनं ऐन वेळी पावपट माल जास्त मागितला होता आणि यांच्याकडं तो नेमका शिल्लक होता. ही सिद्धेश्वराची कृपा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून कितीही मालाची ऑर्डर येवो, रेवणप्पा डोळे मिटतात, हात जोडतात आणि सव्वापट लिहितात. एक भाग गिऱ्हाइकाचा, वरचा पाव देवाचा. पूर्वी तो जास्तीचा माल बाजारात खपायचा. आता प्रत्येक शाळेला खिशावर आपापलं चिन्ह लागतं, त्यामुळं एका शाळेचा शर्ट दुसरीला चालत नाही. देवाचा पाव गोदामात छतापर्यंत रचलेला आहे आणि उंदीर त्यावर बाळंत होतात. विचारलं तर रेवणप्पा म्हणतात, "निघंल की. देवाचा माल हाय, कुटं जातोय?"

दिवाळीला बोनस सव्वापट झाल्याचं मात्र मला आठवत नाही.

यंदा मार्चमध्ये त्यांचा पुतण्या गुरुशांत पुण्याहून परत आला. इंजिनिअर आहे. मुलगा वाईट नाही. काका खोलीत आले की त्याच्या पाठीचा कणा खोलीबाहेर जातो, एवढंच. त्यानं भिंतीवर पांढरा बोर्ड लावला आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना त्याच्यासमोर बसवलं.

"ह्याला टॅक्ट टाइम म्हणतात," तो म्हणाला. "सोपं आहे. दिवसभरात आपल्या हातात कामाचा वेळ किती? जेवण, चहा वजा जाता सात तास. गिऱ्हाइकाला रोज शर्ट किती पाहिजेत? वेळेला शर्टांनी भागायचं. जेवढे सेकंद येतील, तेवढ्या सेकंदांना एक शर्ट लाइनमधून बाहेर पडला पाहिजे. त्याहून सावकाश गेलं तर गिऱ्हाईक खोळंबतं. त्याहून घाई केली तर माल पडून राहतो, आणि तुमची कंबर फुकट मोडते."

कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवरच्या रंभाबाई म्हणाल्या, "म्हंजे गिऱ्हाइकाच्या भुकंएवढ्याच भाकरी थापायच्या."

"अगदी बरोबर, मावशी."

"मग त्याला पुण्याला कशाला जायला लागतंय?"

बायका हसल्या. मला मात्र ते पटलं. खरं सांगायचं तर या शेडमध्ये कानावर पडलेली ती पहिली शहाणी गोष्ट होती. जप घाईनं केला तर नुसता आकडा भरतो आणि रेंगाळत केला तर मन भटकतं. त्याला एक चाल लागते. कामालाही असते. ती चाल मालकाच्या रागावर न ठरता मागणाऱ्याच्या गरजेवर ठरावी, हे कुणीतरी भागाकार करून सांगत होतं. मी घरी जाऊन त्या भागाकाराला मनोमन नमस्कारसुद्धा केला.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर आकडा आला. सत्तावन्न.

तो आकडा बघून माझी नजर पहिल्यांदा नागव्वाकडं गेली. नागव्वा काजाच्या मशीनवर असते. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला, त्याला पट्ट्याचा बूट आहे. उजव्या पायानं ती पेडल दाबते. एका शर्टाला आठ काज, सहा पुढच्या पट्टीवर आणि दोन बाह्यांवर. प्रत्येक काज पाडला की ती त्यावरून अंगठ्याचं नख फिरवते, धागा कुठं सुटला का बघते, मगच पुढं देते. तिला एका शर्टाला अडुसष्ट सेकंद लागतात. गुरुशांतनंच मोबाइलवर मोजले होते.

"नागव्वा मावशी, तेवढं नख फिरवणं सोडा," तो म्हणाला. "आठ-नऊ सेकंद वाचतील."

"सोडते की. मग साळंतलं पोरगं बटण लावताना दातानं काज फाडंल, ते बघाया तुमी जावा."

"पण मग सत्तावन्नमध्ये कसं बसायचं?"

"त्ये तुमी शिकून आलाय. मी काय शिकून आली व्हय?"

कॅबिनचं दार उघडून रेवणप्पा बाहेर आले. त्यांनी बोर्ड वाचला, नागव्वाकडं बघितलं आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "जमत नसंल तर जबरदस्ती न्हाय, बाई. वैष्णवी हाय की चेकिंगला. तरणी पोरगी हाय, पाय चालतोय. तू खाली बसून धागे काप."

नागव्वाला जमिनीवर बसता येत नाही. त्या बुटासकट मांडी घालता येत नाही आणि बूट काढला तर उठता येत नाही, हे शेडमध्ये प्रत्येकाला माहीत आहे. रेवणप्पांनाही माहीत आहे. म्हणजे धागे काप याचा अर्थ घरी जा. आणि घरी नवरा, जो माग बंद पडल्यापासून बाजेवर बसलाय तो बसलाच.

"आठवडाभर बघू," रेवणप्पा म्हणाले आणि देवांकडं थंड हवेत परत गेले.

मला शिवणाची कमी आणि हिशेबाची बरी समज आहे. ऑर्डर आठ हजार चारशे शर्टांची होती. खराब निघणारे धरून शाळेनंच सांगितलेला आकडा तो. शिवायला चोवीस दिवस. दिवसाला साडेतीनशे. भागाकार केला तर बहात्तर सेकंद येतात. बहात्तरमध्ये नागव्वा आरामात बसते, नख फिरवून वर पदर सारखा करायलाही वेळ उरतो. मग सत्तावन्न आले कुठून? कुठून आले असतील ते तुम्ही ओळखलं असेल. मीही ओळखलं होतं. तरी गुरुशांतच्या तोंडून ऐकावं म्हणून चहाच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"भागाकार कशानं केला, दादा?"

त्यानं चहाच्या कपात बघितलं. "साडेदहा हजारांनी."

"शाळेनं साडेदहा हजार मागितलेत?"

"नाही."

"मग वरचे एकवीसशे कुणी मागितले?"

"अक्का, तुम्हाला माहितीय की."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा."

तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "देवानं."

"हां. मग देवाचं माप काय? कुठल्या इयत्तेत आहे?"

तो हसला नाही. "काकांना सांगणार कोण? मी आल्या दिवशी सव्वाचा विषय काढला तर जेवणाच्या ताटावरून उठले. आकडा चुकीचा आहे हे मला कळतंय. पण सूत्र बरोबर आहे ना, अक्का. सूत्रात काही चूक नाही."

म्हणजे खरं काय ते त्याला ठाऊक होतं आणि खोटं त्यानं स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, निळ्या पेननं लिहिलं होतं. रेवणप्पांना निदान आपण काय करतो ते कळत नाही. या मुलाला सगळं कळत होतं. त्या दिवशी मला दोघांपैकी अडाणी माणूस बरा वाटला. हे मत नाही, फक्त वाटलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनमध्ये गेले. चप्पल बाहेर काढली, देवांना नमस्कार केला, मग मालकांना.

"अप्पा, एक शंका होती."

"बोल की, शिवम्मा. तुज्या तोंडून शंका म्हंजे शास्त्राचीच असणार."

"वरचा पाव देवाचा ना?"

"देवाचाच. आपलं काय हाय?"

"मग देवाला घाई असते का?"

रेवणप्पांनी जपमाळेवरचं बोट थांबवलं.

"गिऱ्हाइकाला तारीख असते," मी म्हटलं. "शाळा जूनमध्ये उघडते. देवाची शाळा कधी उघडते ते मला माहीत नाही. त्याचा माल गिऱ्हाइकाच्या घड्याळात घातला म्हणून आकडा सत्तावन्नवर आला. देव काही सेकंद मोजत बसत नसेल. त्याचं त्याच्या सवडीनं करू, शाळेचं बहात्तरनं होऊ दे. इतकंच."

मी हे सगळं बोलले तेव्हा एसीचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता. पण त्यांनी ऐकलं. डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे मिटले की मला भीती वाटते, कारण तेव्हा त्यांना काहीतरी सुचत असतं.

"शिवम्मा," डोळे उघडून ते म्हणाले, "तू आज माजे डोळे उघडलीस."

दुपारी त्यांनी सगळ्यांना जमवलं. बोर्डाशेजारी उभं राहून, छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "बायांनो, लई वर्सं चूक होत होती. देवाचं अन् गिऱ्हाइकाचं आपण एका घड्याळात कालवत होतो. आजपास्नं न्हाय. रोजचं काम गिऱ्हाइकाचं. अन् देवाचा पाव आपण सोमवारी करायचा. सुट्टीच्या दिवशी, सेवा म्हणून. सेवेला पगार नसतो, पुण्य असतं. चार सोमवार. काय?"

दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी छातीवर हात ठेवून बोललं की काही माणसं टाळ्या वाजवतात. सोमवार हा आमचा एकुलता सुट्टीचा वार. माझा उपवासही त्याच दिवशी असतो.

रंभाबाईंचं माहेर सांगोल्याकडचं, भावाकडं अजून मेंढरं आहेत. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आमच्यात मेंढरं मोजताना असं सव्वा धरलं असतं तर? सांजच्याला वरची पाव मेंढरं कुटून आणायची? कुत्र्यावर घोंगडं टाकून हुबं करायचं व्हय?"

"हळू बोला."

"हळू तुमी बोलला, त्याचं काय झालं बघा की. आपला सोमवार गेला."

ते खरं होतं. पण त्याहून वाईट पुढं होतं. एकवीसशे शर्ट चार सोमवारांत करायचे म्हणजे दिवसाला पाचशे पंचवीस. गुरुशांतनं सुवाच्य अक्षरात भागाकार केला आणि बोर्डावर दोन ओळी लिहिल्या. रोज: बहात्तर. सोमवार: अठ्ठेचाळीस.

पगाराचं काम सावकाश आणि पुण्याचं काम धावत. देवाच्या दारात एवढी घाई मी फक्त चपला चोरणाऱ्यांची पाहिली आहे.

"अन् एक," रेवणप्पा जाता जाता थांबले. "सेवेत जी मागं पडंल, तिनं मंगळवारी येऊ नये. देवाच्या कामात जिचा हात चालत न्हाय, ती गिऱ्हाइकाचं काय करणार?" हे बोलताना ते नागव्वाकडं बघत नव्हते. बघायची गरज नव्हती.

संध्याकाळी मशीनवर झाकण घालताना नागव्वा म्हणाली, "अक्का, तुमचं भलं होवो. सत्तावन्न होतं त्याचं अठ्ठेचाळीस केलासा. आणखी एकडाव जावा कॅबिनीत, बारावर येतंय का बगा."

घरी जाताना विचार करत गेले. रेवणप्पांशी शास्त्रानं बोलण्यात अर्थ नव्हता. शास्त्र ते रबरासारखं ताणतात. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्यावर ज्याचा अंमल चालतो अशा कुणाकडून. देवाचा त्यांच्यावर अंमल चालत नाही, हे तर दिसतच होतं.

मग मला रत्नम्मा आठवल्या.

रत्नम्मा म्हणजे रेवणप्पांच्या घरच्या. आमची ओळख सिद्धेश्वराच्या देवळातली. लग्न झाल्यापासून रेवणप्पा नवस बोलतात आणि उपवास रत्नम्मा धरतात. मुलाच्या परीक्षेला सोळा सोमवार यांनी बोलले, धरले त्यांनी. गुडघ्याचं ऑपरेशन यांचं, मीठ सोडलं त्यांनी. शेडची जागा मिळाली तेव्हा अनवाणी चालत जाण्याचा नवस यांचा होता. यांना त्या दिवशी ताप आला, आणि अनवाणी रत्नम्मा गेल्या. मागं यांची मोटार सावकाश, काच वर करून.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या शेंगाचटणी कुटत होत्या. मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "अप्पांनी मोठा संकल्प सोडलाय. देवासाठी शर्ट शिवायचे म्हणाले. आम्ही बायका येऊच. पण सेवेचा पहिला हात संकल्प करणाऱ्याचाच लागतो ना? आमच्या घरात तसंच आहे. अंघोळ करून, उपाशीपोटी, स्वतःच्या हातानं. तुमच्यात वेगळं असेल तर विचारून जावं म्हटलं."

रत्नम्मांनी मुसळ खाली ठेवलं. मग त्यांच्या तोंडावर असं काहीतरी आलं की मला क्षणभर रेवणप्पांची कीव वाटली. क्षणभरच.

"आमच्यातबी तसंच हाय," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं. उपाशीपोटी."

"मग सोमवारी?"

"सोमवारी मी त्यांना घेऊन येते. तू बोर्डावरचं काय ते पुसू नको. तसंच र्‍हाऊ दे."

सोमवारी शेडसमोर मोटार थांबली. आधी रत्नम्मा उतरल्या, नऊवारी नेसून, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागून रेवणप्पा. अंगावर नवं धोतर, कपाळावर विभूती, आणि चेहरा दवाखान्यात आणलेल्या मुलासारखा.

"कुटं बसायचं?" त्यांनी विचारलं.

मीच म्हटलं, "अप्पा, गुरुशांतदादांनी शिकवलंय की लाइनीचा वेग सगळ्यात अवघड मशीनवर ठरतो. काज पुढं सरकल्याशिवाय बटण लागत नाही, बटणाशिवाय प्रेस होत नाही. संकल्पाची जागा तीच असणार."

नागव्वा आपल्या जागेवरून उठली. तिनं स्टूल पदरानं पुसलं आणि बाजूला खांबाला टेकून उभी राहिली. रत्नम्मांनी मशीनला हळदकुंकू लावलं, मग नवऱ्याला. बटणाच्या मशीनवर त्या स्वतः जाऊन बसल्या, म्हणजे काजाच्या पुढच्याच जागेवर, मालकांच्या अगदी समोर. बाकी बायका आपापल्या जागी. कॉलर, खिसा, बाह्या झालेले शर्ट काजाजवळ येऊन थांबले.

"सिद्धरामा," असं सिद्धेश्वराचं नाव घेऊन रेवणप्पांनी पेडल दाबलं.

काजाच्या मशीनला एक लहान सुरी असते. टाके पडले की ती झटकन खाली येते आणि मधलं कापड कापते. कापड सरळ धरलं तर काज होतो. वाकडं धरलं तर भोक होतं. पहिलं भोक पट्टीच्या बाहेर पडलं.

"अप्पा, पाय हळू," नागव्वा म्हणाली.

"हळूच हाय."

"हळू न्हाय त्ये. म्हशीला लाथ हाणल्यागत झालं."

"तू गप बस."

"बसू कुटं? माज्या जागंवर तुमी बसलाय."

तो शर्ट बाद झाला. दुसरा घेतला. गुरुशांत काकांच्या मागं उभा होता आणि सवयीनं त्याच्या मोबाइलवर घड्याळ चालू होतं. ते त्यानं मुद्दाम लावलं होतं, असं मला म्हणायचं नाही. तेवढं धैर्य त्याच्यात असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. काज पडत होते एक एक. मध्ये धागा तुटला, नागव्वानं ओवून दिला. मध्ये रेवणप्पांनी देवाचं नाव घेऊन काहीतरी असं म्हटलं, जे देवाच्या नावामागं म्हणत नाहीत. विभूतीचे पट्टे घामानं भुवयांवर उतरले. पुढं रत्नम्मा हात जोडून शर्टाची वाट बघत बसल्या होत्या, मागं सगळी लाइन मांडीवर हात ठेवून. इतकी शांत शेड मी कधी पाहिली नव्हती. एकुलता पंखा फिरत होता, तो काजाच्या बाजूला नव्हता.

अखेर आठही काज झाले. रेवणप्पांनी शर्ट उचलून धरला.

"दादा, किती झालं?" रंभाबाईंनी लांबून ओरडून विचारलं.

गुरुशांत पुटपुटला, "अकरा मिनिटं."

"अठ्ठेचाळीस शेकंदातलीच का वरची?"

कुणीतरी खोकलं. मग दुसरीही खोकली. बायकांना हसू दाबायचं असलं की खोकल्याची साथ येते.

"हसता काय?" रेवणप्पा म्हणाले. "सेवेत हसू नये."

"व्हय," रत्नम्मा म्हणाल्या. "सेवेत हसू नये, अन् उठूबी नये. आजचे पाचशे पंचवीस हायेत म्हणं. घ्या पुढचा."

"रत्ना, पाणी तरी दे."

"संकल्पाच्या मधी पाणी? मी सोळा सोमवार धरले तवा तुमीच सांगितलं होतं न्हवं का, पाणीबी चालत न्हाय म्हणून? शास्त्रात हाय म्हणला होता."

त्यांनी पुढचा शर्ट घेतला. पहिला काज पाडला. दुसरा पाडला. तिसऱ्याला पाय पेडलवर ठेवला आणि पोटरीत गोळा आला. ते स्टुलावरून अर्धे उठले, पाय धरून तसेच वाकून उभे राहिले, आणि तशा अवस्थेत, वाकूनच, त्यांनी डोळे मिटले. मला पुन्हा भीती वाटली.

पण या वेळी त्यांना जे सुचलं ते पाहून मी मनातल्या मनात हात जोडले. माणूस कोडगा असला की त्याची बुद्धी कुठून कुठं वाट काढते!

"झालं," डोळे उघडून ते म्हणाले. "एक पुरा शर्ट. अन् दुसऱ्याच्या आठ काजांतले दोन. म्हंजे एक अन् पाव. सव्वा. सव्वा झालं! देवाला पोचलं!"

रत्नम्मांनी शांतपणे विचारलं, "अन् एकवीसशे?"

"सव्वा म्हंजे सव्वा. भाव लागतो भाव. देव काय मोजत बसतो व्हय?"

हीच गोष्ट मी त्यांना कॅबिनमध्ये सांगितली होती. पण तेव्हा त्यांच्या पोटरीत गोळा आलेला नव्हता.

मी दोन पावलं पुढं गेले. "अप्पा, म्हणजे देवाची ऑर्डर पुरी झाली?"

"पुरी झाली."

"सगळ्यांसमोर म्हणता?"

"म्हणतो की. सिद्धरामाची आण."

"आणि सेवेत मागं पडली म्हणून कुणी मंगळवारी यायचं राहणार नाही. कारण सेवाच संपली."

त्यांनी नजर उचलली. समोर रत्नम्मा होत्या, हातात ताट, ताटात कुंकू अजून शिल्लक. "न्हाय राहणार," ते म्हणाले.

"गुरुशांतदादा," मी म्हटलं, "बोर्डावरची खालची ओळ पुसा."

गुरुशांतनं काकांकडं बघितलं. काका पोटरी चोळत होते. मग त्या इंजिनिअरनं फडकं उचललं आणि अठ्ठेचाळीस पुसलं. एका आकड्यासाठी एवढं शौर्य मी कधी पाहिलं नव्हतं. वर बहात्तर तसेच राहिले.

कापड सुदैवानं अजून शाळेच्याच मालाचं कापलेलं होतं. देवाचं न कापलेलं कापड व्यापाऱ्याकडं परत गेलं. जे शर्ट सोमवारी अर्धवट शिवले गेले होते, ते शाळेच्या मालात गेले. दोन सोडून.

ते दोन आता कॅबिनमध्ये आहेत. काचेच्या पेटीत, देवांच्या शेजारी, हार घालून. एक आठ काजांचा, एक दोन काजांचा. बटणं नाहीत, बटणापर्यंत सेवा पोचलीच नाही. कुणी गिऱ्हाईक आलं की रेवणप्पा त्याला पेटीसमोर उभं करतात आणि सांगतात, "आमच्याकडं काम गिऱ्हाइकाच्या मागणीच्या चालीनं चालतंय बगा. देवाचं अन् धंद्याचं घड्याळ आमी येगळं केलंय. आमच्या पुतण्यानं पुण्याहून आणलं, पण मूळ कल्पना माजी." गिऱ्हाईक हात जोडतं. पट्टीबाहेर पडलेलं भोक असलेला तिसरा शर्ट कुठं गेला ते मी विचारलं नाही.

मंगळवारी नागव्वा नेहमीसारखी आली. बुटाचा पट्टा आवळला, स्टुलावर बसली, पेडलवर पाय ठेवला आणि लगेच उचलला. मशीनच्या तोंडाशी वाकून तिनं बघितलं.

"अक्का, हिकडं या."

मी गेले.

"सुई वाकडी करून ठिवल्या त्यांनी. दोऱ्याचा गुंता बगा खाली, चिमणीचं घरटं झालंय. तुमी मोठ्या भक्तीनं बसवलासा त्यांना हितं. दुसरी मशीन न्हवती व्हय शेडमंदी?"

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं म्हणं." तिनं सुई काढली, नवी बसवली, गुंता नखानं उकलला, एका चिंधीवर काज पाडून बघितला. मग मागं बघून ओरडली, "ए रंभा, दे पुढं! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

पहिला शर्ट आला. आठ काज, आठ वेळा नख. तिनं तो बटणाकडं सरकवला आणि पुढचा यायचा होता तेवढ्यात पदर सारखा केला.